मोडलं मनगट, उघडलं पाकीट

अभिनंदन! तुमचा एक हात गळ्यातल्या झोळीत आहे आणि दुसऱ्या हातात एक्स-रेचं भलंमोठं पाकीट. हे पाकीट डॉक्टरांना दाखवायचं असतं, असं काउंटरवरच्या मुलीने तुम्हाला दोनदा बजावलं होतं. तरीही जिना उतरायच्या आत तुम्ही ते एका हाताने आणि दातांनी उघडलंत. शाबास. या विद्येला लागणारा मूळ स्वभाव तुमच्यात आहे, बाकीचं मी शिकवतो.

माझी पात्रता विचाराल तर स्वतःचं एक मनगट (डावं), आईचं एक (उजवं) आणि भाच्याचं एक (कोणतं ते आता त्यालाही आठवत नाही). पाच वर्षांत घरातली तीन मनगटं. एवढ्या भांडवलावर आमच्या डोंबिवलीत लोक वास्तुशास्त्राचे क्लास काढतात. तेव्हा निःशंक मनाने माझ्यामागून या. पायऱ्या क्रमाने चढा, आणि जपून. एकदा पडलात तेवढं पुरे.

पायरी १ : कसे पडलात ते ठरवा

रिपोर्टच्या डोक्यावर ‘हिस्ट्री ऑफ फॉल’ असं लिहिलेलं असतं. तीन शब्द! आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या प्रसंगाची ही किंमत. मन खट्टू करून घेऊ नका. तपशील तुम्हाला पुरवायचा आहे, आणि तो श्रोता पाहून पुरवायचा आहे.

मी मोरीत पडलो. गणपतीच्या आदल्या दिवशी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून झाली, मी उठलो, आणि ज्या फरशीवरून पाय सरकतो असं घरात सगळ्यांना माहीत होतं त्याच फरशीवरून माझा पाय सरकला. आता हे ऑफिसात कसं सांगणार? मोरीत पडलेल्या माणसाला कोणी पाण्याचा ग्लाससुद्धा आणून देत नाही. म्हणून ऑफिसात मी हरिश्चंद्रगडावर पडलो. सासुरवाडीला मला एका स्कूटरवाल्याने उडवलं आणि तो पळून गेला.

डॉक्टरांना मात्र खरं सांगा. त्यांना गडाचं कौतुक नसतं, त्यांना तळवा टेकला की हाताची पाठ एवढंच हवं असतं. पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो, आणि सगळं वजन तळव्यातून मनगटावर येतं. या पडण्याला इंग्रजीत ‘फूश’ असं आद्याक्षरांचं नाव आहे. मांजर हाकलल्यासारखं वाटतं, पण जगातली बहुतेक मनगटं अशीच मोडतात. तळवा टेकला तर मोडलेलं टोक सहसा हाताच्या पाठीकडे सरकतं. हात दुमडून पाठ टेकली तर तळव्याकडे. गड सांगितलात तर डोकं, मान, पाठ, सगळ्याची तपासणी सुरू होईल, आणि मग तुमच्याकडे चार पाकिटं असतील. खिशातलं पाचवं मात्र रिकामं.

पायरी २ : दागिने उतरवा

८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीत व्युर्त्सबुर्ग इथे विल्हेल्म राँटगेन यांना हे अज्ञात किरण सापडले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी त्या किरणांखाली पत्नीचा हात ठेवून फोटो काढला. बोटांची हाडं आणि त्यातल्या एका बोटात ठसठशीत अंगठी. जगातला पहिला गाजलेला हाताचा एक्स-रे, आणि तोही अंगठी न काढता. राँटगेन यांना १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही आणि बक्षिसाची रक्कम विद्यापीठाला दिली. काउंटरवर पैसे भरताना हा विचार करू नका, उगाच त्रास होतो.

तुम्ही अंगठी लगेच काढा. एक्स-रेसाठी नव्हे, सुजेसाठी. हात मोडल्यावर तासाभरात बोटं अशी फुगतात की मग अंगठी काढत नाहीत, कापतात.

आईच्या हातात दोन पाटल्या होत्या. लग्नात घातलेल्या, नंतर कधी न उतरलेल्या. एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बेसिनपाशी मी साबण चोळत होतो, आई “हळू रे मेल्या” म्हणत होती, आणि मागे रांगेतल्या सात-आठ जणांना या सोन्याचं पुढे काय होतं याची काळजी लागली होती. अखेर एक निघाली. दुसरी राहिली. ती फिल्ममध्ये हाडांहून पांढरीशुभ्र दिसते. आत जाऊन आईने डोळे मिटून असा श्वास रोखून धरला की तिथला मुलगा घाबरला. “आजी, श्वास घ्या, हा हाताचा आहे,” तो म्हणाला. “काढ तू लवकर,” आई तोंड न उघडता म्हणाली.

हेही सांगून ठेवतो, कारण कोणीतरी विचारेलच: “सारखे एक्स-रे काढून कॅन्सर नाही ना होत?” मनगटाच्या एक्स-रेत जेवढे किरण अंगात जातात, साधारण तेवढे काही तासांत घरबसल्या निसर्गातून मिळतात. हा प्रश्न विचारणारे काका बहुधा तंबाखू मळत असतात.

पायरी ३ : फिल्म धरा

ट्यूबलाइटकडे. खिडकीकडे नको, समोरच्या बिल्डिंगचे ग्रिल फ्रॅक्चरसारखे दिसतात. मला आमच्या हाडाला पाच आडवे तडे दिसले होते.

फिल्मवर इंग्रजी एल किंवा आर असं अक्षर असतं, डाव्या-उजव्या हाताचं. ते सरळ वाचता आलं म्हणजे फिल्म सुलटी. आता घरच्यांना बोलवा. एकट्याने बघायचं हे काम नाही. प्रत्येकाने एकेकदा बोट ठेवून “हे बघ, इथे” म्हणायचं, आणि प्रत्येकाचं ‘इथे’ वेगळं असलं पाहिजे. तेल लागलेल्या बोटांना मनाई नाही.

फोटो दोन असतील, एक वरून आणि एक बाजूने. दोन कशाला, पैसे काढायचे धंदे, असं म्हणायची इथे पद्धत आहे, तर म्हणून घ्या. एक्स-रे म्हणजे सावली. एका बाजूने पाहिलं तर मोडून मागे सरकलेली पेन्सिलही अखंड दिसते. दुसऱ्या बाजूची सावली पाहिल्यावरच कळतं की बाई, हिचं टोक भलतीकडे गेलंय.

पायरी साडेतीन : हाडं मोजू नका

तुम्ही मोजणार, म्हणून ही अर्धी पायरी घालावी लागली.

कोपराकडून दोन लांब हाडं येतात. अंगठ्याच्या बाजूची रेडियस, करंगळीच्या बाजूची अल्ना. त्यांच्यापुढे मनगटाची आठ चिमुकली हाडं, दोन ओळींत. नावं लॅटिन-ग्रीक आहेत पण अर्थ अगदी घरगुती: एक होडी, एक चंद्र, एक वाटाणा, एक आकडेवालं. पुस्तकात आठ असतात. फिल्ममध्ये तुम्हाला सात भरतील. पुन्हा मोजाल, पुन्हा सात. मग घाम फुटेल, आणि “एक पडलं तर नाही ना मोरीत?” असा विचार मनात येईल. मला आला होता. मी बघूनही आलो.

आठवं वाटाण्याचं हाड असतं. वरून काढलेल्या फोटोत ते शेजाऱ्याच्या अंगावरच चढून बसलेलं दिसतं, म्हणून मोजणीत चुकतं. लोकलमध्ये चौथ्या सीटवरच्या माणसासारखं. आहे, पण हिशेबात नाही.

लहान मुलांच्या फिल्मला हात लावू नका. जन्मतः ही आठ हाडं कूर्चेची असतात, एक्स-रेत दिसतच नाहीत, वर्षांगणिक एकेक उगवतं. शिवाय हाडांच्या टोकापाशी वाढीची रेघ असते, काळीभोर, आरपार. भाच्याची फिल्म पाहून आम्ही सर्वांनी एकमताने निकाल दिला की दोन्ही हाडं सपशेल तुटली आहेत. ताईने रडायला सुरुवात केली. ती वाढीची रेघ होती. खरी दुखापत म्हणजे तिच्या अलीकडे हाडाला आलेला एवढासा फुगवटा, ज्यावर आमच्यापैकी कोणाचंही बोट गेलं नव्हतं. मोठ्यांचं हाड शेवग्यासारखं, कडाड म्हणून मोकळं होतं. मुलांचं पेरूच्या ओल्या फांदीसारखं: वाकतं, दबतं, एका बाजूने चिरतं, पण सुटत नाही. इंग्रजीतही त्या चिरण्याला हिरव्या काठीचं नाव आहे. कोणीतरी झाडावर चढूनच ठेवलं असणार.

पायरी ४ : क्रॅक आहे असं जाहीर करा

इथे नीट लक्ष द्या, सगळ्या विद्येचा गाभा हा आहे.

वैद्यकशास्त्रात हाड एकतर मोडलेलं असतं किंवा नसतं. आपल्याकडे मात्र चढत्या क्रमाने मुका मार, लचक, शीर चढणं, हेअरलाइन, क्रॅक, फ्रॅक्चर, मोडणं आणि चुरा अशा आठ पायऱ्या आहेत, आणि कोणत्या पायरीला किती जणांनी भेटायला यायचं, रिकाम्या हाताने की शहाळं घेऊन, हे ठरलेलं आहे. हेअरलाइनला फोन पुरतो. फ्रॅक्चरला प्रत्यक्ष येतात. ऑपरेशन झालं तर बदलापूरहूनसुद्धा येतात.

माझ्या रिपोर्टात ‘अनडिस्प्लेस्ड फ्रॅक्चर’ असं छापलं होतं. म्हणजे हाड मोडलंय, पण जागचं हललेलं नाही. मी ते घरी असं वाचून दाखवलं की ‘अनडिस्प्लेस्ड’ मोठ्याने आणि ‘फ्रॅक्चर’ खोकल्यात. मग आत्याचा फोन आला.

“फ्रॅक्चर आहे का रे?”

“नाही गं आत्या, नुसता क्रॅक आहे.”

“हां, मग काही नाही. आमच्या शेजारच्यांचं तर पार फ्रॅक्चर होतं. किती दिवस प्लास्टर?”

“सहा आठवडे.”

“नुसत्या क्रॅकला सहा आठवडे? लुटतात रे मेले! त्या शेजारच्यांना पण सहाच सांगितले होते.”

यावर काही बोलू नका. क्रॅक, हेअरलाइन आणि फ्रॅक्चर एकाच गोष्टीची नावं आहेत असं मी आत्याला समजावायला गेलो, तेव्हा तिने मला अधिक आजारी समजून फोन आईकडे द्यायला लावला.

पायरी ५ : शब्दांना घाबरा, पण योग्य शब्दांना

नवशिक्याला लांब शब्दाची भीती वाटते, छोट्या शब्दाची नाही. अनुभवी माणसाचं बरोबर उलटं असतं.

‘डिस्टल’ म्हणजे फक्त लांबचं टोक, धडापासून लांबचं. डिस्टल रेडियस म्हणजे मनगटापाशी. यात भिण्यासारखं काही नाही. ‘इम्पॅक्टेड’ म्हणजे एक तुकडा दुसऱ्यात घुसला, स्टीलचे पेले एकात एक घट्ट बसावेत तसा. ‘कमिन्युटेड’ म्हणजे दोनापेक्षा जास्त तुकडे. यासाठी आपल्याकडे किती सरळ शब्द होता पाहा: चूर्णित. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे १२ प्रकार दिलेत आणि सांधा निखळण्याचे ६. त्यांत चूर्णित आहे, आणि नुसतं वाकलेलं ‘वक्र’सुद्धा आहे, म्हणजे आपल्या पेरूच्या फांदीला ओळखणारा माणूस. वर वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या सालींच्या पट्ट्या लावून बांधायला सांगितलंय. अर्थात हे वाचून उंबराची साल काढायला निघू नका. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ निघाले होते, वॉचमनने अडवलं.

पुढे माणसांची नावं येतील. आईच्या रिपोर्टात ‘कोलीस फ्रॅक्चर’ होतं, आणि आम्ही दोन दिवस कोळशाचा काही संबंध आहे का शोधत होतो. अब्राहम कोलीस हे डब्लिनचे सर्जन. मनगटाच्या वर रेडियस मोडून टोक मागे सरकतं, याचं वर्णन त्यांनी १८१४ मध्ये लिहिलं. म्हणजे राँटगेनच्या ८१ वर्षं आधी. ना फिल्म, ना सीडी, ना व्हॉट्सअ‍ॅप, नुसतं बोटांनी चाचपून. आम्ही फिल्म ट्यूबलाइटला धरून सहा डोळ्यांनी चुकलो, हे त्या मानाने काहीच नाही.

या फ्रॅक्चरमध्ये हात बाजूने पाहिला तर जेवायच्या काट्यासारखा दिसतो, असं पुस्तकं सांगतात. पाचही बोटांनी भात कालवणाऱ्या माणसाला हे काय कळणार? आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आईचा हात एकदाच पाहिला आणि म्हणाल्या, “अगंबाई, उलथन्यासारखा झाला की गं!” कोलीस ऐकायला हवे होते.

टोक उलट, तळव्याकडे गेलं तर स्मिथ. तेही डब्लिनचेच, १८४७. त्या शहरात पावसाळा बराच असावा. अंगठ्याच्या बाजूचा कोपरा उडाला तर ‘शोफर्स फ्रॅक्चर’: जुन्या मोटारी पुढून हँडल मारून चालू करत, ते हँडल उलटं फिरून ड्रायव्हरच्या मनगटावर बसे. रिपोर्टात शोफर दिसला म्हणून रिक्षावाल्याशी भांडू नका.

आणि आता तो शब्द ज्यावरून सगळेजण अलगद पुढे जातात: ‘इंट्रा-आर्टिक्युलर’. रेघ सांध्यात शिरलीय. ‘एक्स्ट्रा-आर्टिक्युलर’ म्हणजे नाही शिरलेली. सांध्याचा पृष्ठभाग खडबडीत राहिला तर पुढे तो कुरकुरतो, म्हणून डॉक्टर प्लेट-स्क्रूचा विषय काढतात तो बहुतेक याच शब्दापायी. आमच्याकडे ‘एक्स्ट्रा’ वाचून बाबा हबकले होते. त्यांना वाटलं, एक जादा फ्रॅक्चर आहे.

पायरी ६ : कंपासपेटी आणा

काही रिपोर्टांत आकडे असतात. लक्षात ठेवायला सोपे आहेत, ११, २२, ११. धड मनगटात रेडियसचं टोक अल्नाच्या पुढे साधारण ११ मिलिमीटर जातं, त्याचा उतार साधारण २२ अंश असतो, आणि बाजूने पाहिलं तर ते तळव्याकडे साधारण ११ अंश कललेलं असतं. हाड बसवलं की हे आकडे किती परत आले ते डॉक्टर बघतात.

बाबांनी हे कुठूनसं वाचलं. भाच्याच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला, फिल्म डायनिंग टेबलावर पसरली, शीसपेन्सिलीने रेघा मारल्या, आणि आईचा उतार ३४ अंश काढला. आईचं मनगट नुसतं शाबूतच नव्हे, तर सुधारलेलं निघालं. फिल्मवरच्या त्या रेघा पुढच्या भेटीत डॉक्टरांनी बराच वेळ निरखल्या. काही बोलले नाहीत. माणूस सभ्य होता.

पायरी ७ : रिपोर्ट स्वच्छ आला तर आनंद करू नका

इथे मला क्षणभर थट्टा बाजूला ठेवावी लागेल, माफ करा.

‘नो ऑब्व्हियस बोनी इंज्युरी सीन.’ या वाक्यातला ‘ऑब्व्हियस’ वाचा. पेढे आणायला निघालेल्या माणसाला तो दिसत नाही. अर्थ असा की ढळढळीत असं काही दिसलं नाही. आजच्या फोटोत.

ते होडीचं हाड आठवतंय? स्कॅफॉइड. त्याचा तडा पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढला की दिसतो, नाहीतर एमआरआयमध्ये. तोवर आपण लचक समजून चोळत असतो. तेल कोमट करून, अंगठ्याने, जोर लावून, शेजारच्या काकूंच्या देखरेखीखाली. या होडीला रक्त उलट्या टोकाने येतं, बोटांच्या बाजूने मागे. मधोमध तडा गेला तर मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं आणि तो मरू शकतो. मेलेल्या हाडाला तेल कोमट असलं काय नि गार असलं काय.

ओळखायची जागा पाठ करा. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन दोऱ्यांमध्ये खळगा पडतो. त्या खळग्यात चिमूटभर तपकीर ठेवून ओढायचे म्हणून शास्त्रात त्याचं नावच तपकिरीची डबी आहे. आमची पणजी तपकीर ओढायची, पण तिची डबी पितळेची होती. पडल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर रिपोर्ट कितीही स्वच्छ असो, डॉक्टरांकडे परत जा. आत्याला क्रॅक सांगितला असेल तरी जा.

आणि प्लास्टर घातल्यावर बोटं निळी-पांढरी पडली, गार पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर ते रिपोर्टात शोधू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

झालं. आता पुन्हा थट्टा.

पायरी ८ : डॉक्टरांना रिपोर्ट वाचून दाखवा

रिपोर्ट बहुधा प्लास्टर वाळल्यानंतर येतो. तुम्ही तो तोंडपाठ करून, दोन ठिकाणी अधोरेखित करून हाडांच्या डॉक्टरांपुढे बसता. ते पाकिटातून फिल्म काढतात, प्रकाशाच्या पेटीवर खटकन लावतात, तीन सेकंद बघतात. रिपोर्टाचा कागद दरम्यान टेबलाखाली गेलेला असतो. तो उचलून देऊ नका. दिलात तर ते त्यावर औषध लिहून देतील.

अपमान वाटून घेऊ नका. ते पत्र एका डॉक्टरने दुसऱ्याला लिहिलेलं असतं, तुम्ही पोस्टमन. शेवटी ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ असं असतं ते काय? मला फोटो दिसला, माणूस तुमच्याकडे आहे, तेव्हा माणूस बघा. एक्स-रेवाले म्हणतात माणूस बघा, हाडवाले एक्स-रे बघतात, आणि माणूस मध्ये बसून “डॉक्टर, जेवायला काय काय चालेल?” विचारत असतो. त्याखाली ठळक टाइपात की हा रिपोर्ट कोर्टकचेरीसाठी नाही. बाबा तेवढं वाचून निर्धास्त झाले.

पण आईच्या रिपोर्टात या दोन ओळींच्या वर आणखी एक बारीक ओळ होती: ‘जनरलाइज्ड ऑस्टिओपेनिया’. आम्ही उलथनं पाहिलं, कोलीसचं गाव शोधलं, उतार मोजला, पाटलीची शोभा पाहिली. ही ओळ कोणी वाचली नाही. तिचा अर्थ, हाडं विरळ झालीत. साध्या एक्स-रेत ते दिसायला लागतं तोवर बरंच हाड गेलेलं असतं. पाळी गेल्यानंतरच्या वयात किरकोळ पडण्याने मनगट मोडणं ही पुष्कळदा पहिली सूचना असते, आणि पुढच्या सूचना मणक्याला किंवा खुब्याला येतात. डेक्सा नावाची तपासणी आहे, औषधं आहेत. डॉक्टरांनी प्लास्टर काढताना ते सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, “ते सगळं करू. आधी ती मोरीची फरशी बदला.”

कारण आई त्याच फरशीवरून पडली होती. माझ्यानंतर दीड वर्षाने. दरम्यान घरात माझ्या रिपोर्टाला लॅमिनेशन झालं होतं.

पायरी ९ : पाकीट जपा

गादीखाली ठेवा. फिल्ममधून ग्रहण मात्र बघू नका, आपल्याकडे ही जुनी हौस आहे. सूर्याचे जे किरण डोळा जाळतात ते फिल्म पुरते अडवत नाही, आणि डोळ्याचा रिपोर्ट मनगटाच्या रिपोर्टपेक्षा बराच अवघड असतो. सहा आठवड्यांनी नवा फोटो निघेल, त्यात ‘कॅलस’ हा शब्द असेल. मोडल्या जागी नवं हाड धरतंय, चांगली बातमी आहे. भलतंच काही वाचून रडू नका. आईने अर्धा शब्द वाचून “कळस झाला म्हणजे पूर्ण झालं” असा अर्थ लावला, आणि खरं सांगायचं तर फारशी चुकली नाही.

पायरी १० : प्रॅक्टिस सुरू करा

आता तुम्ही तयार आहात. बिल्डिंगमध्ये बातमी आपोआप पसरते. परवा रात्री साडेनवाला तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पाकीट घेऊन आल्या. “जरा बघता का? रिपोर्ट उद्या मिळणार आहे.”

मी चष्मा लावला. फिल्म ट्यूबलाइटला धरली. घरचे मागे उभे राहिले. छोटी हाडं मोजली, बरोबर सात भरली, वाटाण्याचं हाड नेहमीप्रमाणे लपलेलं. रेडियसचं टोक शोधलं, उतार डोळ्यांनी अंदाजला, जरा दम घेतला आणि म्हणालो, “घाबरू नका. नुसता क्रॅक आहे.”

“अहो, पण हा पाय आहे,” वहिनी म्हणाल्या.

घरी गेल्यावर पुस्तकात पाहिलं असेल त्यांनी. पावलाच्या मागच्या भागात छोटी हाडं सातच असतात.